रेगेचे पुनरुज्जीवन : आरंभ कोठून करावा?

१. येडगाव धरणापासून जवळच नारायणगाव आहे. चैत्रातील जत्रांपूर्वी तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी सुपारी देण्यास येतात. ढोलकीची जागा डीजेने घेतली की काय हरवते, हे या पंचक्रोशीला निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच जमैकातील रूट्स रेगेची कथा येथे परकी वाटू नये.

२. गुलामांच्या वंशजांची वेदना आणि स्वाभिमान गाणारे हे संगीत १९७०च्या दशकात बहरले. श्रवणाचा आरंभ बर्निंग स्पिअरच्या ‘मार्कस गार्वी’ (१९७५) या अल्बमपासून करावा.

३. तेथून थेट आजच्या गाण्यांकडे वळणे चुकीचे ठरेल. मध्ये वेन स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ (१९८५) ऐकावे. त्यात कॅसिओ कीबोर्डमधील तयार ठेका आहे. या गाण्यानंतर यंत्राच्या तालाची लाट आली आणि बास व ड्रम वाजवणाऱ्यांचे काम आटले.

४. हा खंड कानांनी अनुभवल्यावरच २०१०नंतरचे पुनरुज्जीवन उमगते. प्रोटोजेचा ‘एन्शंट फ्यूचर’ (२०१५) आणि क्रॉनिक्सचा ‘क्रोनॉलॉजी’ (२०१७) आता ऐकावेत. या पिढीने वादकांचा ताफा पुन्हा रंगमंचावर आणला.

५. युनेस्कोने २०१८ मध्ये रेगेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. हे सन्मान उचितच. परंतु परंपरा जगते ती वादकाच्या हाताला काम मिळाल्याने. तमाशाच्या पुनरुज्जीवनाचे मोजमापही राहुटीत पडणाऱ्या सुपारीनेच व्हावे.