मळलेल्या मातीचे मोल

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पांढुर्णा व सौंसर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु पोळा कोणत्याही सीमेने अडला नाही. ज्याच्या दारी बैल नाही त्याने मातीचे बैल पुजावेत आणि चार दिवसांनी गणपती आणावा, हा क्रम चालूच आहे. प्रश्न एवढाच की, तो गणपती मातीचा असतो काय?

चतुर्थीची पूजा पार्थिव मूर्तीची आहे. प्लास्टरचे कैवारी म्हणतात, जिप्समही भूमीतूनच निघते. निघते खरे, पण ते भाजून त्यातील पाणी घालवितात, आणि पुन्हा पाणी मिळताच ते घट्ट होऊन बसते. कच्ची माती पाण्यात आकार सोडते व गाळास मिळते. जी मूर्ती विरघळण्यास तयार नाही, तिचे आम्ही विसर्जन करतो की जाम नदीत केवळ ओझे टाकतो? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली अशा मूर्तींना नकार दिला. जे शास्त्राने आधीच सांगितले, ते आम्हांस सरकारने सांगावे लागले, ही लाजेची गोष्ट होय.

दुसरा आक्षेप किमतीचा. म्हणे, माती फुकट, मग मूर्ती महाग का? असे विचारणाऱ्याने एकदा माती मळून पाहावी. ढेकळे फोडावीत, खडे वेचावेत, भिजत घालावी, गाळावी, पायांनी तुडवावी आणि मग हातांनी लोण्यासारखी होईपर्यंत मळावी. आमच्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते; तीत वाळू किती, राख किती, हे तराजू सांगत नाही, हात सांगतो. हे श्रम मूर्तीत दिसत नाहीत, म्हणूनच आम्ही त्यांचे मोल कापतो.

तेरचे गोरोबाकाका विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवीत, ही कथा आम्ही देवळात सद्गदित होऊन ऐकतो, आणि बाहेर येऊन कुंभाराशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. संताचा चिखल पूज्य आणि शेजाऱ्याचा चिखल स्वस्त, हा कोठला न्याय?

पावसाळ्यात माती सावकाश वाळते. आयत्या वेळी मागणाऱ्यास साच्यातले प्लास्टरच मिळणार. म्हणून देवस्थानांनी व मंडळांनी आषाढातच कुंभाराच्या दारी जावे, अर्धी रक्कम आगाऊ द्यावी, मूर्ती लहान सांगावी. एवढेही होत नसेल, तर निदान पार्थिव हा शब्द तरी संकल्पातून वगळावा. देवापुढे खोटे बोलण्याचे पाप तेवढे टळेल.