तबकड्या माळ्यावर गेल्या, आणि बाबा गप्प झाले

आमच्याकडे बाबांचा रेकॉर्ड प्लेअर होता. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, एका बाजूला साधारण वीसेक मिनिटं गाणं. मग उठायचं नि तबकडी उलटायची. एकानं लावायचं, सगळ्या घरानं ऐकायचं.

गेल्या वर्षी आम्ही सगळं मोबाईलवर आणलं. सोय झालीच, नाही कशाला म्हणू? धूळ पुसायला नको, पिन झिजायची भीती नको, ओरखड्यावर अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा नको. पण पूर्वी बाबा नुसतं कव्हरवरचं चित्र बघून हवी ती तबकडी बरोब्बर काढायचे. आता म्हणतात, "बाळा, ते भीमसेनांचं लाव ना," आणि नातू कानातून इअरफोन काढेपर्यंत वाट बघतात. दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

पालकहो, नवं जरूर आणा. पण घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला ते स्वतःच्या हातानं लावता येतं का, हे आधी बघा. आम्ही नाही बघितलं.

दिवाळीत प्लेअर माळ्यावरून खाली काढला. पट्टा तेवढा बदलावा लागला. तबकडी कडेनं कशी धरायची, हे सध्या बाबा नातवाला शिकवतायत. रागावतातही!