उकिरडा कोणाचा?

शिरूर आणि दौंड हीं दोन्ही गांवें नदीकांठचीं. पहिलें घोड नदीच्या, दुसरें भीमेच्या. दोन्ही ठिकाणीं नगरपरिषद आहे, शिकलेली वस्ती आहे, आणि शिकलेल्यांच्या बैठकींत एक तक्रार हटकून ऐकूं येते : 'नगरपरिषदेला कचरा उचलतां येत नाहीं!' ही तक्रार सर्वस्वीं खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु ती करण्याचा अधिकार आपण आपल्या स्वयंपाकघरांतच गमावून बसलों आहों, असें माझें स्पष्ट मत आहे.

वस्तुतः घराबाहेर पडणाऱ्या बहुतेक वस्तु जन्मतः कचरा नसतात. भाजीचे देठ, खरकटें, चहाचा चोथा हें खत होय. रद्दी, कांच, पत्रा हा कारखान्याचा कच्चा माल होय. दोहोंना एका डब्यांत कोंबलें कीं आमटीनें भिजलेली रद्दी कोणी घेत नाहीं आणि कांचा मिसळलेलें खत कोणी शेतकरी रानांत टाकीत नाहीं. तो ढीग हवेवांचून कुजतो, त्यांतून पेट घेणारा मिथेन वायु निघतो आणि काळें पाणी झिरपून जमिनींत उतरतें.

ओला, सुका व घातक कचरा घरींच निरनिराळा करावा, असा नियम केंद्र सरकारनें २०१६ सालींच केला. आयकराच्या सवलतींचें प्रत्येक कलम ज्यांना मुखोद्गत, त्यांना हा एक नियम तेवढा ठाऊक नसावा, हें आश्चर्य नव्हे काय? यावर उत्तर मिळतें, 'आम्हीं वेगळा केला तरी गाडींत तो एकच होतो.' कित्येकदां हें खरेंही असतें. पण ज्यानें वेगळा करून दिला, त्यालाच नगरपरिषदेला जाब विचारतां येतो. शिवाय ओला कचरा अंगणांतील खड्ड्यांत वा गच्चीवरील कुंडींत जिरविला, तर तो गाडींत जाणार कशाला?

दुसरे कांहीं जण बोहारणीची आणि आजीच्या गोधडीची आठवण काढून परंपरेचा टेंभा मिरवितात. गोधडी चांगली, हें मलाही मान्य आहे. पण ज्या समाजानें झाडू पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्याच हातीं दिला, त्यानें स्वच्छतेच्या परंपरेविषयीं जपून बोलावें. आजही आपल्या मिसळलेल्या डब्यांत हात घालते ती बहुधा दलित स्त्रीच. पुण्यांत अशा कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ सालीं उभी राहिली. तिच्यांतूनच २००८ सालीं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि घरोघरचा कचरा गोळा करून त्यांतील विकाऊ माल निवडण्याचें काम तिच्या सभासदांनीं पत्करलें. त्यांतील कित्येकींना शाळा पाहावयासही मिळाली नव्हती. त्यांनीं आचरून दाखविलेलें हें अर्थशास्त्र पदवीधरांच्या घरांत अद्यापि शिरलेलें नाहीं.

मुळा-मुठेचें पुण्यांत मळलेलें पाणी भीमेंतून दौंडास येतें, म्हणून दौंडकरांनीं पुण्याला बोल लावणें योग्यच आहे. परंतु दौंडाच्या खालींही गांवें आहेत. तेथील लोकांनीं कोणाला बोल लावावा?

शिरूरच्या शेजारच्या पारनेरांत, डेक्कन कॉलेजांत शिकलेले आणि विलायतेहून आलेले पांडुरंग महादेव बापट, जे पुढें सेनापति म्हणून ओळखले गेले, पहाटे उठून गांवचे रस्ते झाडीत असत. आपल्याकडून तेवढी अपेक्षा कोणी करीत नाहीं. एकाऐवजीं दोन डबे ठेवावयाचे आहेत, आणि घातक वस्तूंसाठीं एक पिशवी. माझ्याही घरांत कालपरवांपर्यंत एकच डबा होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. दुसरा आणावयास दहा मिनिटें लागलीं. तीस वर्षें वर्गांत नागरिकाचीं कर्तव्यें सांगणाऱ्याला तेवढा वेळ मिळाला नव्हता, एवढेंच.