हरिपुऱ्याचा विसरलेला धडा

बारडोलीचे नाव निघाले की १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना मिळालेली ‘सरदार’ ही पदवी आठवते. वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या त्या शेतकऱ्यांच्या सभा गीतांनी दुमदुमत असत, हे मात्र सहसा कोणी आठवत नाही. त्याच बारडोलीपासून काही कोसांवर, तापीकाठी, हरिपुरा आहे. तेथे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. अधिवेशनातील संगीताच्या तयारीसाठी गेलेले पंडित नारायण मोरेश्वर खरे अधिवेशनापूर्वीच, ६ फेब्रुवारीला, तेथे निवर्तले.

खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. १९१८ मध्ये ते साबरमतीच्या आश्रमात गेले, तेथील लहानथोरांना त्यांनी सुरात गायला शिकविले, ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेतही ते पायी चालले. मैफली गाजविण्याऐवजी या मराठी गायकाने आपली विद्या ज्यांचा गळा बेताचा, अशांच्या स्वाधीन केली. त्यामागे गुरूचीच शिकवण होती. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून पलुसकरांनी घराण्याच्या उंबरठ्याआड असलेले गाणे सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींसाठी खुले केले होते.

योगायोग असा की, ज्या हरिपुऱ्यात खरे यांनी देह ठेवला, तेथेच काँग्रेसने वर्धा शिक्षण योजनेची मूलतत्त्वे स्वीकारली. झाकिर हुसेन समितीने त्या योजनेसाठी आखलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग, मातृभाषा आणि गणित यांच्याबरोबर संगीतालाही स्थान होते. हाताला जसे वळण लावावे तसे आवाजालाही लावावे, हे गांधीजींनी १९३७ मध्येच सांगून ठेवले होते. देश स्वतंत्र झाला, पण संगीत मात्र वेळापत्रकाच्या कोपऱ्यातच राहिले. परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो संगीताच्या तासाचा, हा अनुभव पालकांना नवा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासविषय आणि अभ्यासेतर विषय यांच्यातील भिंत पाडण्याची भाषा केली आहे. परंतु धोरणातील शब्द वर्गात उतरण्यास शिक्षक लागतो.

संगीताचा कैवार घेणारे अलीकडे एक मोहक युक्तिवाद करतात: गाणे शिकलेले मूल गणितात पुढे जाते. १९९३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगावरून या समजुतीला पंख फुटले. वास्तविक तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यांनी दहा मिनिटे मोझार्टचे संगीत केवळ ऐकले होते. २००४ मध्ये कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित अधिक वाढला खरा. परंतु पुढे अनेक प्रयोगांचा काटेकोर आढावा घेतला गेला, तेव्हा हा लाभ जवळजवळ नाहीसा झाला. गुणांचे आमिष दाखवून संगीत विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जो विषय दुसऱ्या विषयाचा चाकर म्हणून वर्गात शिरतो, त्याला चाकरी संपताच बाहेरची वाट दाखविली जाते.

मग संगीत मुलाला देते काय? समूहात गाणाऱ्या मुलाला आपला आवाज काढताना शेजाऱ्याचाही ऐकावा लागतो. कोणी पुढे धावला वा मागे रेंगाळला की ताल बिघडतो. तबल्याचा एक कायदा हातात बसण्यास महिने लागतात आणि तेथे शिकवणी वर्गाची पाठांतरवही कामास येत नाही. ऐकणे, थांबणे आणि चुकलेले पुन्हा करणे यांची सवय जडणे, ही मिळकत लहान नव्हे. शिवाय आयुष्यभर पुरणारा आनंद हाती लागतो, तो वेगळाच.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोमंतकाला हे नव्याने सांगावे लागू नये. येथील देवळांत भजनाच्या साथीला बसून मुले टाळ धरायला शिकली, तर चर्चच्या पॅरिश शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मुलांच्या हाती व्हायोलिन दिले. परंतु देवळात वा चर्चमध्ये जे काहींना सहज लाभते, ते सर्वांना देणे हे शाळेचे काम आहे. शिकवणीचे शुल्क भरणाऱ्याचे मूल कोठेही गाणे शिकेल. मजुराच्या मुलाला शाळेवाचून दुसरे दार नाही.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. प्रत्येक प्राथमिक शाळेला, निदान दोन-तीन शाळांत मिळून, एक संगीत शिक्षक असावा. पूर्णवेळ शिक्षक मिळेपर्यंत गावातील जाणत्या भजनी कलाकाराला मानधन देऊन बोलवावे. आठवड्यातील दोन तास गणिताला उसने देण्याची मुभा मुख्याध्यापकांना नसावी. प्राथमिक वर्गात या विषयाला गुण नसावेत, कारण गुण आले की बेसूर मूल प्रथम गप्प बसते, आणि गायची खरी गरज त्यालाच असते. स्नेहसंमेलनासाठी चार गोड गळे निवडणे सोपे आहे. सारा वर्ग गाता करणे कठीण आहे, आणि खरे यांनी आपले आयुष्य वेचले ते याच कठीण कामासाठी.