गाणे कोणाचे, चित्र कोणाचे, मिळकत कोणाची?

कापूस वेचून घरी परतलेली बाई संध्याकाळी मोबाइल कट्ट्यावर टेकवून ठेवते, एखादे जुने चित्रपटगीत लावते आणि त्यावर ओठ हलवीत अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तयार करते. नातलगांच्या आणि मैत्रिणींच्या मोबाइलवर ती रात्रीपर्यंत पोहोचलेली असते. दारव्हा तालुक्यातील कोणत्याही गावी आज हे दृश्य आढळते. आपल्या सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत या प्रकाराची संभावना ‘थिल्लरपणा’ या एका शब्दाने होते. पुरोगामी म्हणवणारे कार्यकर्तेही त्याला अपवाद नाहीत. या निवाड्याची फेरतपासणी करण्याची वेळ आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकांना ठाऊक असलेली चाल उचलायची आणि तिच्यावर आपला आशय चढवायचा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून भटशाहीवर व सावकारशाहीवर प्रहार केले. आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. कित्येक भीमगीते चित्रपटगीतांच्या चालींवर रचली गेली आणि वस्त्यावस्त्यांतून गायिली गेली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने लोकनाट्याला समाजवादी विचाराचे वाहन बनविले. निळू फुले यांच्यासारखा नट त्याच कलापथकात घडला. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. त्यांत सावकार, पाटील आणि सरकार यांची भर गावासमोर हजेरी घेतली जाते. त्याच झडत्या आता मोबाइलवर टिपल्या जाऊन गावोगाव फिरतात. तेव्हा उसन्या चालीवर आपले म्हणणे मांडणारी माणसे परंपरेला सोडून वागत नाहीत. ती परंपरेतच आहेत, फक्त साधन बदलले आहे.

लोकप्रिय संगीताचा तिटकारा कोठे नेतो, याचा एक धडा आपल्या इतिहासात नोंदलेला आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जनतेची अभिरुची उंचावण्याच्या सद्‌हेतूने त्यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर निर्बंध आले. परिणाम असा झाला की, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला लोकांच्या आवडीपुढे माघार घ्यावी लागली. अभिरुची फतव्याने घडत नाही. फतव्याने फक्त श्रोता दुसऱ्याच्या दारी जातो.

या धड्याची पुनरावृत्ती अलीकडेच झाली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. गलवानच्या संघर्षानंतरचा हा निर्णय राष्ट्रसुरक्षेच्या नावाने झाला आणि त्याची चर्चाही त्याच अंगाने झाली. परंतु ज्या शेतमजूर, कारागीर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी त्या व्यासपीठावर आपला प्रेक्षकवर्ग उभा केला होता, त्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात अवतरले. मालक चिनी होता, तो अमेरिकी झाला. चित्रफीत करणारी बाई होती तेथेच राहिली.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. यूट्यूबचा शॉर्ट्ससंबंधीचा नियम पाहू. जाहिरातीच्या उत्पन्नात पूर्ण वाटेकरी व्हायचे असेल, तर एक हजार वर्गणीदार आणि नव्वद दिवसांत एक कोटी प्रेक्षणे लागतात. अट पूर्ण झालीच, तर एक गाणे वापरलेल्या चित्रफितींमागील उत्पन्नाचा अर्धा भाग संगीताच्या परवान्यांसाठी बाजूला काढला जातो. उरलेला अर्धा भाग चित्रफीतकारांच्या सामायिक निधीत जातो आणि त्यातून ज्याच्या नावे जेवढा वाटा पडेल, त्याच्या ४५ टक्केच त्याच्या हाती येतो. ज्यांना ती अट गाठता येत नाही, अशा बहुसंख्यांना यातले काहीही मिळत नाही. त्यांच्या श्रमाने आणि प्रेक्षकांच्या वेळेने जमलेला बाजार मात्र कंपनीचा ठरतो.

दारव्हेकरांना ही व्यवस्था परकी वाटू नये. मूर्तिजापूर–दारव्हा–यवतमाळ ही शकुंतला नावाची अरुंद रेल्वे आम्ही पाहिली आहे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रज राजवटीत किलिक निक्सनच्या कंपनीने ती बांधली. देश स्वतंत्र झाला, इतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी चालविणारे सरकार कंपनीला मोबदला देत राहिले. जमीन आमची, कापूस आमचा, राबणारे हात आमचे, आणि रूळ कोणाचे म्हणून खंड मात्र दुसऱ्याला! आज ती गाडी धावत नाही. पण रुळांच्या मालकाला खंड देण्याची रीत आता आपल्या मोबाइलवरून धावते आहे.

कोणी म्हणेल की, मग गाणे फुकट वापरू द्या, म्हणजे प्रश्न मिटला. हे उत्तर समाजवाद्याला शोभणारे नाही. गाणे हेही कोणाचे तरी श्रमफल आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या संस्थेविरुद्ध निर्णय देऊन चित्रपटगीतांवरील हक्क निर्मात्याच्या पारड्यात टाकला. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी, गायकाला कायद्यात स्थानच नाही याबद्दल खेद व्यक्त केला होता. अन्याय दूर होण्यास पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा अबाधित ठरला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी लढा दिला. हा कलाश्रमिकांचा विजय होता आणि तो आपण गमावता कामा नये.

म्हणून मागणी नेमकी हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ लग्नाच्या वरातीत गाणे वाजविण्यास सवलत देते. पण त्याच वरातीची गाण्यासह चित्रफीत करून ती लोकांत प्रसृत केली, तर सवलत स्पष्ट नाही. कॅनडाने २०१२ साली आपल्या कायद्यात तरतूद केली की, नफ्याचा हेतू नसेल, शक्य तेथे मूळ कर्त्याचा उल्लेख असेल आणि मूळ कृतीच्या बाजारास मोठी हानी होत नसेल, तर सामान्य नागरिकाने अशी निर्मिती करणे हा अपराध नव्हे. असे कलम आपल्याकडे का असू नये? घरगुती निर्मात्याला मोकळीक द्यावी आणि जाहिरातीवर कमावणाऱ्या कंपनीकडून मात्र पुरेपूर स्वामित्वधन वसूल करावे. भार कोणी सोसायचा, याचे उत्तर त्यात आहे.

यात आमच्या शाहिरांचा प्रश्नही अंतर्भूत आहे. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही १९६९ साली गेले. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या नियमाने त्यांच्या रचनांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत राहतो. पण ज्यांची पदे कॅसेटवर निघाली आणि ज्यांचे नावही वेष्टनावर आले नाही, अशा गावोगावच्या कवींच्या वारसांना आज कोण विचारतो? नोंद नाही, म्हणून हक्क नाही. कसणाऱ्या कुळाचे नाव सातबाऱ्यावर नसावे, तसाच हा प्रकार आहे.

आक्षेप आणखी एक आहे, आणि तो गंभीर आहे. या चित्रफितींतून जातीचा माज आणि धर्माचा द्वेषही पसरतो. हे खरे आहे. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे एका दलित तरुणाची हत्या झाली. मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन हे तिचे निमित्त असल्याचा आरोप झाला. कोणाच्या मोबाइलवर कोणते गाणे वाजावे, हा आपल्या समाजात आजही सत्तेचा प्रश्न आहे, हेच त्यातून दिसते. ज्या ठिकाणी सत्तेचा प्रश्न आहे, तेथून समाजवाद्यांनी नाक मुरडून निघून जाणे म्हणजे मैदान प्रतिगाम्यांच्या हवाली करणे होय.

तेव्हा साथींनी दोन कामे हाती घ्यावीत. कायद्यातील दुरुस्तीची मागणी आपल्या ठरावांत आणि आपल्या प्रतिनिधींच्या तोंडी आली पाहिजे, हे पहिले. दुसरे काम घरच्या अंगणातले आहे. आपापल्या तालुक्यातील झडत्या, ओव्या, बंजारा तांड्यांवरील गाणी आणि भीमगीते गाणाऱ्यांच्या व रचणाऱ्यांच्या नावांसह, त्यांच्या संमतीने, टिपून ठेवावीत. कलापथकाला पेटी, ढोलकी आणि गाडीभाडे लागत असे. आता मोबाइल पुरतो आणि तो प्रत्येक शाखेत आहे. उणीव आहे ती लोकांच्या आनंदाकडे आदराने पाहण्याच्या वृत्तीची. ती कोणत्याही कंपनीकडून मिळणार नाही, आपल्यालाच अंगी बाणवावी लागेल.