शस्त्रक्रिया मोफत झाली, पण भूल कोण देणार?

1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रत्येक कुटुंबासाठी वर्षाला दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली. परभणीसह मराठवाड्यातील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांना त्याआधीही लाभ मिळत होता. आता तो सर्वांसाठी आहे. 2023 मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. त्यामुळे वर्षानुवर्षे पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियेचा विचार अनेक घरांत पुन्हा सुरू झाला आहे.

अशा वेळी नातेवाईक सर्जन कोण, टाके किती, सुट्टी कधी, हे सगळे विचारतात. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

भूलतज्ज्ञ नेमके काय करतात?

भूल म्हणजे एक इंजेक्शन देऊन निघून जाणे नव्हे. शस्त्रक्रिया सुरू असताना रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील ऑक्सिजन यांवर भूलतज्ज्ञ सतत लक्ष ठेवतात. सर्जनचे लक्ष जखमेवर असते, भूलतज्ज्ञाचे संपूर्ण रुग्णावर.

अडचण कुठे आहे?

भूलतज्ज्ञ मोठ्या शहरांत जास्त आणि तालुक्यांत कमी आहेत. लहान रुग्णालयांत ते पूर्णवेळ नसतात. बोलावले की येतात आणि एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी काम करतात. सरकारने या तुटवड्यावर उपाय म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे भुलीचे प्रशिक्षण देणे सुरू केले. पण ते प्रसूतीतील तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी आहे, सगळ्या शस्त्रक्रियांसाठी नाही.

याचा परिणाम असा की, अनेक रुग्ण भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा थेट टेबलावरच भेटतात. तेव्हा दम्याची, जुन्या ॲलर्जीची किंवा सकाळी घेतलेल्या चहाची गोष्ट सांगायला वेळ उरत नाही. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ही भेट आधी व्हायलाच हवी. तशी मागणी करण्यात संकोच नको.

भुलीचे वेगळे पैसे?

योजनेत मंजूर झालेल्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञाचे शुल्क, औषधे, तपासण्या आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते. "भूलवाल्या डॉक्टरांचे वेगळे द्या" असे कोणी म्हटले, तर आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 या क्रमांकावर विचारा. योजनेबाहेर उपचार घेत असाल, तर दरपत्रक पाहा. राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

भुलीचे प्रकार

- स्थानिक भूल: फक्त तेवढाच भाग बधिर होतो. लहान गाठ, टाके यांसाठी.
- नस बधिर करणे (ब्लॉक): हात किंवा पाय बधिर होतो.
- कमरेतून भूल (स्पायनल): कमरेखालचा भाग बधिर होतो, रुग्ण जागा असतो. बहुतेक सिझेरियन यातच होतात.
- पूर्ण भूल: रुग्ण गाढ बेशुद्ध असतो. गरजेनुसार श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास दिला जातो.

"कमरेत सुई दिली, तेव्हापासून कंबर धरली" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते आणि काहींना डोकेदुखी होते. ती उठून बसल्यावर वाढते आणि तिच्यावर उपचार आहेत. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे कारण मात्र बहुतेक वेळा गरोदरपणातील ताण, वजन उचलणे आणि अशक्त स्नायू हे असते. या भीतीपोटी सुरक्षित पर्याय नाकारू नका.

उपाशी किती वेळ?

भुलीत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. ते जिवावर बेतू शकते, म्हणून उपाशी राहायचे. निरोगी मोठ्या माणसासाठी साधारण नियम असा:

- तेलकट, मटणाचे किंवा भरपेट जेवण: 8 तास आधी बंद
- हलका आहार, दूध, दुधाचा चहा, ताक: 6 तास आधी बंद
- बाळाला आईचे दूध: 4 तास आधी बंद
- साधे पाणी, बिनदुधाचा चहा: 2 तास आधी बंद

मे महिन्यातल्या परभणीच्या उन्हात आदल्या रात्रीपासून पाणीही न पिता राहिले, तर वृद्ध आणि मुलांचे हाल होतात. "पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" हे स्पष्ट विचारा. मधुमेह, गरोदरपण किंवा पोटाचा आजार असेल, तर वेळ बदलू शकते. अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचा.

हे लपवू नका

- तंबाखू, गुटखा, मिश्री, दारू: सासरच्या मंडळींसमोर सांगणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोला.
- फवारणी: कापूस-सोयाबीनवरील काही कीटकनाशकांमुळे भुलीत वापरले जाणारे स्नायू सैल करणारे एक औषध शरीरात नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकते. नुकतीच फवारणी केली असेल किंवा विषबाधा झाली असेल, तर सांगा.
- गोळ्या आणि इंजेक्शने: रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, मधुमेहाच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या. 2025 मध्ये भारतात आलेली वजन कमी करण्याची इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात; ती घेत असाल तर नक्की सांगा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- घोरणे, दमा, हलणारे दात, कवळी, आणि स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला पूर्वी भुलीचा झालेला त्रास.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न

1. भूल कोण देणार आणि त्यांची पात्रता काय?
2. ते शस्त्रक्रिया संपेपर्यंत आणि मी शुद्धीवर येईपर्यंत थांबणार का?
3. माझ्यासाठी कोणती भूल आणि का?
4. माझ्या आजारांमुळे धोका किती वाढतो?
5. काही बिघडले तर अतिदक्षता विभाग इथे आहे, की दुसरीकडे न्यावे लागेल?

संमतिपत्र मराठीत मागा आणि वाचून घ्या. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल, तर सही त्याची स्वतःची हवी. घाई नसताना नातेवाईकांची सही त्याला पर्याय होत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हेच सांगितले. त्या खटल्यातील रुग्ण भुलीखाली होती, सही आईची घेतली गेली आणि गर्भाशय काढले गेले.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर "दुसरीकडे" असे असेल आणि रुग्णाला हृदयविकार किंवा गंभीर दमा असेल, तर ठरवून करायची शस्त्रक्रिया अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करा. त्यासाठी चार दिवस थांबावे लागले तरी चालेल.

*ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकृतीनुसार डॉक्टरांचा सल्ला घ्या.*