सगळ्यात मोठा कॅम विकू नका

इंजिन बिल्डिंगचं काम सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, "सर, सगळ्यात जास्त पॉवर देणारा कॅमशाफ्ट कोणता?" माझं स्पष्ट मत सांगतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. गिऱ्हाईक गाडी कशी चालवतं, ते आधी विचारा.

ही चूक मीही केली आहे. सुरुवातीला एका 150 सीसी गाडीत लिस्टमधला सगळ्यात मोठा कॅम बसवला. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळायची, पण सिग्नलला बंद पडायची आणि चढावर दम सोडायची. मालक रोज डबलसीट ऑफिसला जाणारा! शेवटी जुना कॅम परत टाकून दिला. मजुरी माझ्या खिशातून गेली, आणि त्याच्या मित्रांची कामंही गेली.

असं का होतं? जास्त ड्युरेशनचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. कमी आरपीएमला वर येणारा पिस्टन थोडं मिश्रण मागे ढकलतो, म्हणून पिकअप मरतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, तिथे तोच उशीर फायद्याचा ठरतो. म्हणजे ट्रॅकवर जे चांगलं, ते ट्रॅफिकमध्ये डोकेदुखी. शहरातल्या गाडीला सौम्य कॅमच बरा.

दुसरी गोष्ट, कोटेशन फक्त कॅमचं देऊ नका. लिफ्ट आणि आरपीएम वाढणार असतील तर व्हॉल्व्ह स्प्रिंगही त्या ताकदीचे लागतात. पिस्टनवर क्ले लावा, हेड बसवून टायमिंग जुळवा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग क्ले कापून जाडी मोजा. कॅम बनवणाऱ्याने दिलेल्या क्लिअरन्सपेक्षा कमी भरली, तर काम तिथेच थांबवा. नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळेल आणि भरपाई तुम्हाला करावी लागेल. शिवाय जेटिंग किंवा ईसीयू ट्यूनिंग आलंच. स्प्रिंग, गॅस्केट, ट्यूनिंग, मजुरी, सगळं जॉब कार्डवर लिहा आणि सही घ्या.

एवढा आकडा ऐकून गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे", तरी वाईट वाटून घेऊ नका. तोट्यातलं काम नाकारणं हाही धंदाच आहे. छोट्या कॅममध्ये मार्जिन कमी सुटेल, पण तो माणूस पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्याच दारात येईल.